तेरा नंबर जेवून आली होती

"दुपारी काय जेवलात?" मी विचारलं.

चारला फायनल होती आणि सव्वातीन वाजून गेले होते. पिवळी जर्सी आणि निळा डिव्हायडेड स्कर्ट घातलेल्या माझ्या दहा पोरी कोर्टाच्या कडेला ओळीत उभ्या होत्या आणि सगळ्या आपापल्या बुटांकडं बघत होत्या.

"महानंदा, तुला विचारत नाहीये मी. तुम्हा चौघींचा सोमवार आहे, ते मला ठाऊक आहे. मी बेंचला विचारतेय. शकुंतला, काय जेवलीस?"

शकुंतलानं रझियाकडं बघितलं. रझियानं आभाळाकडं.

"अगं बोला की! दातखीळ बसली का?"

"बाई," शकुंतला हळूच म्हणाली, "आमचाबी उपास हाय."

आधी वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मग तिच्या सुकलेल्या ओठांकडं बघितलं आणि कळलं, ही खरं बोलतेय.

मी सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होते. सगळी नोकरी तिथंच झाली. गळ्यात शिट्टी असायची, पण माझा आवाज ऐकून लोक म्हणायचे, हिला शिट्टी कशाला? ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं बास्केटबॉल कोर्ट म्हणजे मुरूम दाबून केलेलं मैदान, त्यावर फक्कीनं मारलेल्या रेघा आणि दोन लोखंडी खांब. पाऊस झाला की रेघा वाहून जायच्या, मग मीच पदर खोचून पुन्हा मारायची.

आता खेळाचं थोडं सांगते, म्हणजे बेंचच्या उपासानं माझं काय बिघडलं ते कळेल.

बास्केटबॉलमध्ये एका संघाच्या पाच जणी कोर्टवर असतात. तेव्हा संघ दहा जणींचा असायचा, म्हणजे पाच आत आणि पाच बाकावर. त्या बाकाला बेंच म्हणतात आणि त्यावर बसणाऱ्यांनाही बेंचच म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. बॉल बाहेर गेला किंवा रेफ्रीनं शिट्टी मारली की कोचला खेळाडू बदलता येते. बाहेर काढलेली परत आत घालता येते, हवी तितक्या वेळा. कुणाला कधी बसवायचं, कधी उठवायचं, ह्या सगळ्या खटाटोपाला रोटेशन म्हणतात.

साध्या मॅचेसना रोटेशन सोपं असतं. सगळ्यांना थोडं थोडं खेळवायचं, सगळ्या खूश. पण नॉक-आउट सुरू झालं, म्हणजे हरलात की घरी, की भल्याभल्या कोचचा हात आखडतो. चांगल्या पाच जणी आत घालायच्या आणि देवाचं नाव घेत बसायचं. मग बेंच थंड पडतो. थंड बेंच म्हणजे तासभर नुसतं बसून अंग आखडलेली, मॅचमधून मन उडालेली पोरगी. तिला शेवटच्या दोन मिनिटांत आत टाकलं तर ती हातात आलेला बॉल सरळ प्रेक्षकांना देते. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या फायनलला पोचलो. समोर कुर्डुवाडीचा संघ होता. रेल्वे कॉलनीतल्या ताडमाड पोरी, लहानपणापासून बॉल खेळलेल्या. त्यांचे कोच डिसूझा सर, कायम पांढरीशुभ्र पँट. मुरुमाच्या मैदानावर ती पँट पांढरी कशी राहायची, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि फायनल ठेवली होती श्रावणी सोमवारी.

"सोमवार सोडून दुसरा वार नव्हता का?" मी आयोजकांना विचारलं होतं.

"अहो बाई, सोमवारी अर्धी शाळा! सगळ्या शाळांची पोरं बघायला येतील. गर्दी होईल."

"गर्दी होईल, पण खेळणाऱ्या उपाशी असतील त्याचं काय?"

"साबुदाणा चालतो की उपासाला."

ह्यांना काय सांगायचं? माझ्या पहिल्या पाचातल्या चौघी लिंगायतांच्या घरातल्या. त्यांचा सोमवार कडक. सकाळी चहा, मग संध्याकाळी सिद्धेश्वराचं दर्शन होईस्तोवर अन्नाचा कण नाही. कॅप्टन महानंदाला मी साबुदाण्याच्या खिचडीचं सुचवून बघितलं. "अय्यो बाई, अव्वा घरात घेणार नाही," म्हणाली. विषय संपला.

मग मी डोकं चालवलं. कुणाच्या श्रद्धेत बोट घालायचं नाही, रोटेशन बदलायचं. बेंचवरच्या पाच जणी सोमवार करत नव्हत्या. आधीच्या सोमवारी त्यांचे डबे मी स्वतः बघितलेले. म्हटलं, पहिल्या हाफमध्ये बेंच पळवायचा आणि ताज्या ठेवलेल्या चौघी दुसऱ्या हाफमध्ये सोडायच्या. सोमवारी साडेअकराला शाळा सुटली तेव्हा बेंचला बजावून सांगितलं, "घरी जा, पोटभर जेवा, तीनला हजर राहा." सगळ्यांनी माना डोलावल्या. का खेळवणार आहे, ते काही मी सांगितलं नाही. आधी सांगितलं की पोरी घाबरतात, असा माझा समज.

आणि आता सव्वातीनला ह्या बया सांगत होत्या की आमचाबी उपास हाय!

"कशाचा उपास?" मी ओरडले. "तुम्ही कधीपासून सोमवार करायला लागलात?"

"काल ठरवलं बाई," शकुंतला म्हणाली. ही साखरपेठेतल्या विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू, शाळेत तोंडाचा पट्टा मराठीत. "संघ जिंकावा म्हणून. नवस. आमी बाकावर बसून काय करणार? म्हटलं, निदान उपास तरी करू."

रागवावं तरी कसं? बिचाऱ्यांनी आपल्या परीनं संघाला हातभार लावला होता.

"आणि रझिया, तू? तुझा कुठला ग श्रावण?"

"सब भुक्के हैं बाई, मैं अकेली कैसा खाऊं?"

मी कपाळाला हात लावला. पहिल्या पाचातली पाचवीही ह्यांच्या नवसात सामील होती. दहा खेळाडू, दहा उपाशी, समोर कुर्डुवाडी. तेवढ्यात ओळीच्या टोकाकडून मुसमुसल्याचा आवाज आला. तेरा नंबर रडत होती.

तेरा नंबर म्हणजे आमची शेवटची खेळाडू. जर्सीचे नंबर चारपासून सुरू व्हायचे, म्हणून दहाव्या पोरीला तेरा. तिचं नाव हौसा. अंगानं भक्कम, पायानं सावकाश, नेम यथातथा. दोन वर्षं बाकाच्या टोकाला बसून तिनं पाण्याची कळशी सांभाळली होती.

"तुला काय झालं रडायला?"

"बाई, मी जेवले."

"काय?"

"मी जेवले बाई!" आणि तिनं भोकाडच पसरलं.

बाकीच्या नऊजणी तिच्याकडं अशा बघायला लागल्या, जशी काही हिनं देवाची घंटा चोरली. "मोडलास ना नवस!" शकुंतला म्हणाली. "बाई, हिनंबी कबूल केलं होतं. आता हरलो तर हिच्यामुळं."

"गप गं तू!" मी म्हटलं. "हौसा, इकडं ये. डोळे पूस. काय जेवलीस ते सांग."

"भाकरी. पिठलं. शेंगाचटणी. दहीभात."

"भाकरी किती?"

"तीन."

मला तिचा मुकाच घ्यावासा वाटला.

"मी नको म्हणत हुते बाई. तात्यांनी बसवून खायला घातलं. म्हणाले, उपाशी पोटी खेळतंय व्हय कुणी? मी म्हटलं, मी कुटं खेळणार हाय? तर म्हणाले, बाईंनी मला बोलावलंय बघायला. त्या काय उगंच बोलावत्यात व्हय?"

हे तात्या म्हणजे हौसाचे वडील. मूळचे करमाळ्याकडचे शेतकरी, आता एस.टी. स्टँडच्या मागं त्यांची खानावळ होती. डोक्याला पटका, खांद्यावर पंचा. शनिवारी ते शाळेत आले होते आणि मला कोर्टावरच गाठलं होतं.

"बाई, रागवू नका. पर दोन वर्सं झाली. पोरगी रोज घाम गाळून घरी येती. आन म्याचला येऊन बघावं, तर बाकावर! आमच्या खानावळीत जो वाढप्या बसला, त्यो घरी गेला."

"तात्या, बेंचवर बसणं हेही एक काम असतं."

"आसंल की. पर बसायचंच काम आसंल तर गल्ल्यावर बसंल. तितं मला तरी उपेगी पडंल." मग जरा थांबून म्हणाले, "सोमवारी मी येतो. खेळली तर खेळली. न्हाय खेळली तर मंगळवारपास्नं शाळा सुटली की थेट दुकान. ह्ये तुमचं बाल-बिल बंद."

हौसा मागं उभी होती. तिचा चेहरा मला बघवेना. खेळात ही पोरगी काही दिवे लावत नव्हती, पण प्रॅक्टिसला तिचा एक खाडा नव्हता. मी कुठल्या तोंडानं वचन देणार? फायनलला तेरा नंबर खेळवते, असं कुठला कोच सांगेल? मी नुसतं म्हटलं, "या तर खरं सोमवारी." मॅच बघायला या, एवढाच माझा अर्थ. तात्यांनी मात्र ते पक्कं धरलं होतं.

म्हणजे बघा, माझ्या अख्ख्या संघात बेंचवरची पोरगी खेळणार आहे यावर एकाच माणसाचा विश्वास होता, आणि तो खानावळवाला होता. त्यामुळं माझ्या हाताला एक तरी जेवलेली पोरगी लागली होती.

मी पोरींना खाली बसवलं.

"ऐका. हौसा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत कोर्टवर. तिला काढायचं नाही."

हौसा रडायची थांबली.

"तुम्ही नऊजणी उरलेल्या चार जागांवर. तीन-चार मिनिटं जीव खाऊन पळायचं, मी बोट दाखवलं की बाहेर. दुसऱ्या आत. पुन्हा बसा, दम घ्या, पुन्हा आत. कुणी 'मला का काढलं' म्हणून तोंड फुगवायचं नाही. बाहेर येणारीनं आत जाणारीला सांगायचं, समोरची तुझी पोरगी कुठली आणि ती कुठल्या हातानं बॉल खेळवते. कळलं?"

"बाई, मी काय करू?" हौसानं विचारलं.

"तू रिंगखाली उभी राहा. रिंगला आपटून परत आलेला बॉल, म्हणजे रिबाउंड, तुझा. तो धरायचा आणि जवळच्या पिवळ्या जर्सीला द्यायचा. ड्रिबल करायचं नाही, शूट तर अजिबात करायचं नाही. धरायचं आणि द्यायचं."

"वाढायचं म्हणजे," हौसा म्हणाली.

"बरोबर. वाढायचं."

चार वाजता पंचक्रोशीतली पोरं कोर्टाभोवती जमली. आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसल्या. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात त्यांनी शील्डसाठी जागा आधीच करून ठेवली होती. आमच्या पाच जणी कोर्टवर गेल्या तशा त्या उठून माझ्याकडं आल्या.

"बाई, हे काय? महानंदा बाहेर? आणि ती तेरा नंबर आत?"

"रोटेशन आहे, मोठ्या बाई."

"फायनलला कसले प्रयोग करता? पहिल्या पाच जणी ठेवा."

"पहिल्या पाच जणी उपाशी आहेत."

"मग दुसऱ्या पाच?"

"त्याही उपाशी आहेत."

मोठ्या बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मला ऊन लागलंय. ऊन कुठलं, श्रावणातलं ढगाळ आभाळ! त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि त्यांनी पर्समधून जपमाळ काढली.

मॅच सुरू झाली. पहिल्या पाच मिनिटांतच स्कोअर लिहिणारे टेबलावरचे गुरुजी वैतागले. खेळाडू बदलायची असली की आत जाणारीनं आधी टेबलाशी जाऊन उभं राहायचं, गुरुजींनी घंटा वाजवायची, मग ती आत. माझ्या पोरी दर डेड बॉलला, म्हणजे खेळ थांबला रे थांबला की, दोन-दोन, तीन-तीन जाऊन उभ्या.

"बाई, ही काय रेशनची रांग लावलीय?" गुरुजी ओरडले. "घंटा बडवून हात दुखला माझा!"

"नियमात बसतं ना, गुरुजी?"

"बसतं हो, पण काही माणुसकी?"

सगळ्यात गंमत कुर्डुवाडीची झाली. त्या मॅन टू मॅन खेळत होत्या. मॅन टू मॅन म्हणजे प्रत्येकीनं समोरची एक पोरगी धरून ठेवायची. आता इकडं दर तीन मिनिटांनी समोरची पोरगीच बदलायची. "माझी कुठली? माझी कुठली?" असं त्या एकमेकींना विचारत सुटल्या. तेवढ्यात रझियानं सरळ जाऊन दोन बास्केट टाकले. ही बारीकशी पोरगी बेंचवर बसून बसून सगळ्यांच्या खोडी पाठ करून बसली होती.

पण कुर्डुवाडी ती कुर्डुवाडी. उंचीच्या जोरावर त्या पुढं राहिल्या. हाफ-टाइमला आम्ही तीन पॉइंट मागं.

डिसूझा सरांनी एकही पोरगी बदलली नव्हती. आमच्या पोरी मात्र मुरुमावरच फतकल मारून बसल्या. महानंदाचा चेहरा पांढरा पडलेला. इतक्यात गर्दीतून वाट काढत तात्या आले, हातात पितळी कळशी.

"काय चाललंय बाई? आशा का पडल्यात ह्या?"

"उपाशी आहेत सगळ्या."

"आँ? आन मग तुमी खेळवताय काय?" त्यांनी पोरींकडं बघितलं. खानावळवाल्याला उपाशी माणूस बघवत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. "लिंबाचं सरबत हाय. लेकीसाठी आणलं हुतं. उपासाला चालतंय न्हवं?"

सगळ्यांनी महानंदाकडं बघितलं. धर्मशास्त्राचा शेवटचा शब्द तिचा. तिनं विचार केला. "मीठ घातलंय?"

"न्हाय. नुसती साखर."

"मग चालतंय."

अशी कळशी रिकामी होताना मी पुन्हा बघितली नाही. हौसाला मात्र एक थेंब मिळाला नाही, आणि तिनं मागितलाही नाही.

दुसऱ्या हाफमध्ये रोटेशनचं पीक हाती यायला लागलं. कुर्डुवाडीच्या पोरींचे पाय जड झाले. माझ्या पोरी दमलेल्याच होत्या, पण तीन मिनिटांत आपल्याला बसायला मिळणार हे ठाऊक असलेली पोरगी वेगळी पळते. आणि रिंगखाली हौसा. दिसायला काही मोठा खेळ नाही. बॉल आला की दोन्ही हातांनी धरायची आणि "घे!" म्हणून जवळच्या पिवळ्या जर्सीला द्यायची. धर, घे. धर, घे. तिकडं कडेला तात्या पंचा फिरवत होते.

मग घोटाळा झाला. हौसाचा चौथा फाउल.

पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, परत येणे नाही. म्हणून चार फाउल झालेलीला कोच लगेच बसवतो आणि अगदी शेवटी परत आत घालतो. हा पाठच आहे. मोठ्या बाई जपमाळेसकट धावत आल्या.

"काढा तिला! पाचवा झाला तर?"

पाठ मलाही येत होता. पण हिला बसवून आत कुणाला घालू? सगळ्यांचे पाय लटपटत होते. आणि दुसरं सांगू? समोर तात्या उभे होते. आता हिला बसवलं आणि हरलो, तर नवस मोडणारी म्हणून पोरी हिला जन्मभर बोलणार, आणि मंगळवारपासून पोरगी गल्ल्यावर.

मी टाइम-आउट घेतला.

"हौसा, तू खाली हात घालतेस म्हणून फाउल होतो. गर्दीच्या वेळी खानावळीत भरलेली ताटं कशी नेतेस?"

"डोक्याच्या वर, बाई. न्हाय तर धक्का लागतो."

"मग आता तुझ्या हातांत दोन ताटं आहेत. मॅच संपेपर्यंत ती खाली आणायची नाहीत."

झालं! त्यानंतर ती पोरगी हात वर करून जी उभी राहिली, की समोरचीला रिंगच दिसेना. पुढं तिचा एक फाउल झाला नाही.

शेवटचे काही सेकंद. आम्ही एकानं मागं. महानंदानं शॉट मारला, रिंगला लागून परत आला. हौसानं धरला आणि पिवळी जर्सी शोधायला वळली. जवळ कुणीच नव्हतं! सगळ्या पार मागं, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतायत.

"बाई, कुणाला देऊ?" तिनं मला भर मॅचमध्ये विचारलं.

"मार!" मी ओरडले. "मार रिंगमध्ये!"

तिनं मारला. गेला नाही, पण कुर्डुवाडीच्या पोरीनं तिला ढकललं आणि शिट्टी वाजली. दोन फ्री थ्रो. म्हणजे रेषेवर उभं राहून दोनदा मोकळा नेम धरायचा, मध्ये कुणी येणार नाही. हौसानं दोन्ही हातांनी, आडातून पोहरा ओढावा तसा खालून बॉल उचलला. पहिला फळीवर आपटून बाहेर. मी डोळे मिटून घेतले. मग जो कल्ला झाला, त्यावरून कळलं की दुसरा गेला.

बरोबरी! पोरं नाचायला लागली. आणि महानंदा मटकन खाली बसली. "अय्यो बाई, बरोबरी म्हणजे आणखी पाच मिनिटं?"

"हो."

"हरलो असतो तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि उठली.

जादा वेळात जे झालं, ते मी नंतर कितीतरी नव्या कोचेसना सांगितलं. कुर्डुवाडीच्या दोन चांगल्या पोरी पाच फाउलनं बाहेर गेल्या. डिसूझा सरांना बेंचकडं वळावं लागलं. बाकावरच्या त्या पोरी सगळा वेळ बसलेल्या, अंग आखडलेलं. पहिलीनं हातात आलेला बॉल सरळ प्रेक्षकांना दिला. दुसरीनंही. आमचा बेंच मात्र कधी थंड पडलाच नव्हता. हौसानं धरायचं, शकुंतला-रझियानं पळायचं. आम्ही तीन पॉइंटनं जिंकलो. मोठ्या बाईंनी आनंदाच्या भरात टेबलावरच्या गुरुजींच्याच हातात जपमाळ दिली.

डिसूझा सर हात मिळवायला आले. पँट तशीच पांढरीशुभ्र.

"बाई, एक विचारू? तुमच्या पोरी एवढ्या फ्रेश कशा राहिल्या? माझ्या सगळ्या संघाचा आज उपास! मला हाफ-टाइमला कळलं."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. जिंकण्यासाठी म्हणे."

मी त्यांना काही सांगितलं नाही. पण पोरींनी ऐकलं होतं.

"म्हणजे दोन्हीकडचे उपास देवाकडं पोचले की," शकुंतला म्हणाली. "मग देवानं निकाल लावला कसा?"

महानंदानं हौसाच्या खांद्यावर हात टाकला. "देव म्हणाला असंल, जेवलेलं कोण आहे ते बघा."

सगळ्या हसल्या. हौसा एकटी हसत नव्हती. ती गर्दीकडं बघत होती. तात्या येत होते, पंचा खांद्यावर, कपाळाला आठ्या. आता काय राहिलं ह्यांचं?

"बाई, तुमच्याशी बोलायचं हाय."

"बोला तात्या."

"न्हाय म्हटलं तरी जरा इचार करायचा की! बाकीच्या नऊ पोरी बसत-उठत खेळल्या. माझ्या एकटीला सुरवातीपास्नं शेवटापत्तुर पळवली. लई दमली पोरगी. येकदा तरी बसवायचं हुतं!"

मला हसू आवरेना. "मग आता उद्यापासून दुकान का, तात्या?"

"दुकान?" तात्या चमकले. "ह्या फळीखालचं काम कोन करनार मग? न्हाय न्हाय. येऊ द्या तिला. फकस्त मधनंमधनं बसवत जावा."

हौसानं पंचा ओढून त्यात तोंड लपवलं. ह्या खेपेला रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. पुढं ती शाळा सोडेपर्यंत संघात होती. नेम शेवटपर्यंत यथातथाच राहिला.

मी रिटायर होईपर्यंत कितीतरी टीम उभ्या केल्या. मॅचच्या आधी प्रत्येकीला एक प्रश्न विचारायची: जेवलीस का? आणि तो आधी बेंचला विचारायची. बाकाच्या टोकाची पोरगी "हो बाई, पोटभर" म्हणाली की मी निर्धास्त व्हायची. ती खेळायच्या तयारीनं आलेली असायची.